बाराव्या पावलाची सायकल

सायकल झाली. चालली. निजाममिस्त्री तिच्यावरून पडले नाहीत. एवढं सांगितल्यावर गोष्ट संपवायला हरकत नाही, आणि ज्यांना घाई आहे त्यांनी उठून जायलाही हरकत नाही. बाकीच्यांनी मात्र तूर्त असं धरून चालावं की सायकल झालीच नाही. तिचं लोखंड अजून भंगारात पडलंय, टाकीचा पत्रा अजून सपाट आहे, आणि अल्तमश खामगावातल्या आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून चहात खारी बुडवतोय. मार्चचा पहिला आठवडा होता. दहा महिने ज्याला लोक नुसतं 'अल्तमश' म्हणतात त्याला या दिवसांत 'अल्तमशभाई' म्हणतात, कारण तो पत्र्याचे कूलर बनवतो आणि ऊन्ह वाढायला लागलेलं असतं. समोरच्या बाकावर त्याचे अब्बा, म्हणजे निजाममिस्त्री, आणि तहसीलबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणारे किसनराव, असे दोघं चहा पीत होते. अब्बांची गोष्ट चालू होती. ती अल्तमशला पाठ होती, त्यामुळे तो ऐकत नव्हता, जसा कोणी आपल्याच घरातल्या पंख्याचा आवाज ऐकत नाही. आणि मग पंखा एकदम वेगळाच वाजला. "अन् ते सायकल अशी लांब," अब्बा म्हणाले, "अशी बुटकी." खारीचा अर्धा तुकडा चहात पडला आणि बुडाला. सायकल?

गोष्ट मोटरसायकलची होती. पन्नास वर्षं ती मोटरसायकलचीच होती. निजाम तेव्हा वीस वर्षांचा, उस्तादाच्या हाताखाली नांदुरा रोडवरच्या गॅरेजात. एका दुपारी महूहून नाशिककडे निघालेला कोणी फौजी साहेब चेन तुटली म्हणून दोन हमालांकडून गाडी ढकलवत आला. विलायती, फार जुनी, शर्यतीची गाडी. रस्त्यावर चालवायला मनाई असलेली, म्हणून साहेब ती रस्त्यावर चालवत होता. टाकी दुधी भोपळ्यासारखी लांबट, दोन नळ्यांच्या मध्ये झोपलेली. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. सीट तळहाताएवढी. मडगार्ड नाही, दिवा नाही, ब्रेक नाही, आणि रंग वाळल्या मिरचीचा. उस्ताद म्हणाले, आधी हात पूस, मग हात लाव. निजामने हात पुसले, चेनची कडी बसवली. साहेब समोरच्या हॉटेलात भजी खायला गेला होता. निजाम गाडीवर बसला आणि जमिनीवर पाय रेटत रेटत निंबाच्या झाडापर्यंत अकरा पावलं गेला. अकराव्या पावलाला साहेब परत आला, तोंडात भजं घेऊन. गोष्ट संपली. तिच्यात काहीही घडत नाही, आणि हेच तिचं बळ होतं. अब्बांनी ती लग्नात सांगितली, सुन्नतीच्या जेवणात सांगितली, सरकारी दवाखान्याच्या रांगेत सांगितली, आणि एकदा मय्यतीला गेले असताना तिथंही हळू आवाजात सांगितली. अल्तमश आकडे शिकला तो याच गोष्टीवर. पहिलीत मास्तरांनी विचारलं, अकरानंतर काय येतं? तो म्हणाला, साहेब येतो.

किसनरावांनी ही गोष्ट निदान चारशे वेळा ऐकली असेल. पण ते व्यवसायानं अर्ज लिहिणारे. माणूस जे सांगतो ते खरं की खोटं, यात पडायचं नाही, फक्त 'उपरोक्त' आणि 'तथापि' जागच्या जागी बसवायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. "हाव," ते म्हणाले आणि ग्लासात पाहू लागले. ग्लासात पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. अल्तमशने कपाच्या तळाशी बसलेली खारी बोटानं काढली आणि ती बोटावरच राहिली. त्याला मलकापूरचे मोठे अब्बा आठवले, अब्बांचे थोरले भाऊ. त्यांचंही असंच सुरू झालं होतं, एका वस्तूपासून. आधी छत्रीला काठी म्हणाले. सगळे हसले, कारण पाऊस नसताना छत्री काठीच असते. मग दुधाला चुना म्हणाले, तेव्हा थोडे कमी हसले. दीड वर्षानं एका सकाळी त्यांनी मोठ्या अम्मीला अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कोण्या घरच्या?" आणि मोठी अम्मीसुद्धा तितक्याच अदबीनं म्हणाली, "याच घरची हाव, पोह्याले आले." पोहे केले. दोघांनी खाल्ले. अल्तमश तेव्हा तिथंच होता, चौदा वर्षांचा, आणि त्याला ते पोहे अजून आठवत होते. मीठ जरा जास्त होतं. मोटरसायकलची सायकल झाली. दोन चाकं तर तशीच राहिली, म्हणजे अजून फार गेलं नाही, असा त्यानं हिशेब केला, आणि मग त्याला वाटलं, आपण छत्रीच्या वेळी हसलो होतो तसंच हे.

शिवाय इंजिन अब्बांच्या डोक्यातून काढलं कोणी, हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर बाकावर बसलेलं नव्हतं, पायरीवर बसलेलं होतं. मागच्या ऑक्टोबरात अब्बा आपल्या मोटरसायकलवर उंद्रीहून एका लग्नावरून परत येत होते. रस्त्याच्या अर्ध्या भागात सोयाबीन वाळत घातलं होतं, दरवर्षी असतं तसं. अब्बांची गाडी दाण्यांवर गेली आणि दाण्यांसारखीच घरंगळली. अब्बा सोयाबीनच्या ढिगात पडले. शेतकरी धावत आला, आधी त्यानं ढीग पाहिला, मग अब्बांना. खांद्याचं हाड सरकलं होतं. दीड महिना हात गळ्यात. त्या दीड महिन्यात अल्तमशने गाडी सुलतानपूरच्या एका माणसाला विकून टाकली, अब्बांना न विचारता, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं की मोटरसायकलचं नावही काढायचं नाही. अब्बांनी एकदाच विचारलं, "गाडी कुठं हाय बे?" अल्तमश म्हणाला, "सर्व्हिसिंगले देली." सर्व्हिसिंगला देऊन पाच महिने झाले होते. अब्बा स्वतः पंचेचाळीस वर्षं गाड्यांची सर्व्हिसिंग करत आलेले. इतकी सखोल सर्व्हिसिंग त्यांनी कुठं ऐकली नसावी. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सकाळी दुकानाच्या बाकावर यायचे, दुपारी घरी जायचे, मध्ये रस्त्याकडे पाहायचे. रस्त्यावरून गाडी गेली की तिचा आवाज ऐकून मान हलवायचे, 'व्हॉल्व्ह गेले' किंवा 'चेन ढिल्ली' अशा अर्थी. अल्तमशला आता वाटलं की त्यानं गाडी सुलतानपूरला पाठवली तेव्हा तिच्याबरोबर ती दुसरीही गेली, मिरचीच्या रंगाची, पन्नास वर्षं जपलेली. एकाच व्यवहारात दोन गाड्या. घेणाऱ्याला कळलंसुद्धा नाही.

पुढचे आठ दिवस त्यानं अब्बांची परीक्षा घेतली. गुपचूप, असं त्याला वाटत होतं. "अब्बा, आज कोणता वार हाय?" "काऊन, तुह्या मोबाइलचा वार गेला काय?" "अब्बा, फूफीचं लग्न कोण्या साली झालं होतं?" "तू पोरगा हाय का तलाठी?" "अब्बा, मी किती वर्षांचा झालो?" अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वयानं चौतीस." यातून डॉक्टरला सांगण्यासारखं काहीच हाती लागेना. रात्री जेवताना त्याची बायको गुलनार त्याला म्हणाली, "अब्बा मले इचारून राह्यले होते, अल्तमशची तब्येत बरी हाय ना, रोज वार इचारते." मग नवव्या दिवशी दुपारी तो एका कूलरच्या तळाचा पत्रा ठोकत होता. ठण, ठण, ठण. पत्रा ठोकताना डोकं रिकामं होतं, आणि रिकाम्या डोक्यात आवाज घुमतो, आणि त्या घुमण्यात कधीकधी विचारासारखं काही तरी ऐकू येतं. अब्बा चूक कशामुळे आहेत? तशी सायकल जगात कुठं नव्हती, म्हणून. लांब, बुटकी, भोपळ्याच्या टाकीची, मेंढ्याच्या शिंगांची सायकल. ती नाही, म्हणून अब्बा चूक. मग ती असली तर? हातोडा वरच्यावर थांबला. तशी सायकल जगात असली, तर अब्बा चुकले नाहीत. माणसाची आठवण दुरुस्त करणं डॉक्टरांना जमत नाही असं त्यानं ऐकलं होतं. पण जगात एक वस्तू वाढवणं हे तर त्याचं रोजचं काम होतं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं कूलरच्या तळाला चार टोले जास्त मारले, आणि तो कूलर पुढे एका शिक्षकाच्या घरी कायम किंचित डावीकडे झुकून हवा देत राहिला.

भंगारवाल्याकडून त्यानं दूधवाल्यांच्या दोन जुन्या काळ्या सायकली आणल्या आणि दोघींच्या फ्रेम कापून एक लांब फ्रेम जोडली. जाड टायर एका मुलाच्या गियरच्या सायकलचे मिळाले. मुलगा सडपातळ व्हावा म्हणून वडिलांनी ती घेतली होती, मुलगा झाला नाही. हँडल खाटेच्या पाइपचं. हे सगळं लपवायचं कुठं? तर एका मंगल कार्यालयाचा जंबो कूलर रंगासाठी दुकानात उभा होता, बैलगाडीएवढा, त्याच्या पोटात. दुपारी अब्बा घरी गेले की अल्तमश कूलरची जाळी काढायचा, आत शिरायचा आणि सायकलवर काम करायचा. बाहेरून गिऱ्हाईक आलं तर कूलर आतून बोलायचा, "चार वाजता या, भाऊ." दोन गिऱ्हाइकं परत आली नाहीत. पण त्या अंधाऱ्या पत्र्याच्या खोलीत, अंगाला रंगाचा आणि गरम लोखंडाचा वास येत असताना, अल्तमशला लहानपणचं अब्बांचं गॅरेज आठवायचं, जिथं तो गाड्यांच्या खाली आडवा पडून वरची दुनिया पाहायचा. इंजिनाचं पोट, अब्बांची हनुवटी, आणि त्यांच्या हनुवटीवरून टपकणारा घाम, जो कधी कपाळावर पडायचा तर अब्बा वरून म्हणायचे, "हाट बे, तेल गळून राह्यलं." त्याला तेव्हा खरंच वाटायचं की अब्बांमधून तेल गळतं. आज त्याच्या स्वतःच्या हनुवटीवरून गळत होतं. तो कूलरच्या आत एकटाच हसला, आणि कूलर हसल्यामुळे शेजारचा चपलांचा दुकानदार बाहेर येऊन पाहून गेला.

माप मात्र अब्बांकडूनच काढायचं होतं, आणि संशय येऊ द्यायचा नव्हता. "अब्बा, ते सायकल," तो चहा देता देता म्हणायचा, 'सायकल' हा शब्द अंड्यासारखा हळूच ठेवत, "तिचं हँडल किती खाली होतं?" अब्बा आधी त्याच्याकडे, मग रस्त्याकडे पाहायचे. "गुडघ्याच्या वर चार बोटं." "अन् टाकी?" "दीड हात." "सायकलले टाकी?" अब्बा चहाचा एक घोट घ्यायचे. "होती." "अन् इंजिनाच्या जाग्यावर काय होतं? म्हणजे, जिथं इंजिन असतं, तिथं?" "उभे पंख होते, आडवे पंख होते. गरम व्हायचं ते." "सायकल गरम व्हायची?" "साहेब जोरात चालवे," अब्बा गंभीरपणे म्हणाले. शेजारी किसनराव खोकले आणि बराच वेळ खोकत राहिले. अल्तमश मोजत राहिला. अब्बांना इतकं सगळं आठवतं, एक इंजिन सोडून! पंखसुद्धा आठवतात, फक्त ते कशाचे ते आठवत नाही. त्या दुपारी त्यानं कूलरच्या एका जळलेल्या मोटरचं रिकामं कवच घेतलं, त्याला पत्र्याचे बावीस पंख लावले आणि फ्रेमच्या पोटात बसवलं. एग्झॉस्टसाठी वायरिंगचा पोकळ लोखंडी पाइप वाकवला. गुलनारनं सीट शिवली, आपल्या जुन्या पर्सच्या चामड्याची. "पर्स गेली तं गेली," ती टाके घालता घालता म्हणाली, "पर मले येक सांगा अजी, अब्बा इसरले का तुम्ही? दुकानात सतरा कूलरची ऑर्डर पडून हाय, अन् तुम्ही बिनपेट्रोलच्या गाडीले सायलेन्सर लावून राह्यले." अल्तमश म्हणाला, "शोभते." गुलनार म्हणाली, "हाव, तुमच्यावर शोभते."

टाकीच्या बाबतीत मात्र घात झाला. टाकी त्यानं तीन दिवस ठोकली. भोपळा तंतोतंत उतरला, सांधे डाखले, मिरचीचा लाल रंग चढवला, वर साबणाच्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवली. आणि तिला पाहायला गुलनार आली तेव्हा ती दुरूनच म्हणाली, "हे खाली काय लटकून राह्यलं?" टाकीच्या बुडाला पितळी तोटी होती. अल्तमशने तोटीकडे पाहिलं. तोटीनंही त्याच्याकडे पाहिलं असावं. पंधरा वर्षं त्यानं ज्या ज्या पत्र्याच्या भांड्याला तळ लावला त्या तळाला पाणी सोडायचं भोक पाडलं होतं आणि त्यात तोटी डाखली होती. हातांना वेगळं काही माहीतच नव्हतं. कधी पाडलं भोक, कधी डाखली तोटी, त्याला काहीच आठवेना. त्यानं आठवायचा फार प्रयत्न केला. भोक पाडायला ड्रिल लागतं, ड्रिलला आवाज असतो, तो आवाज त्यानं ऐकला असणार. पण त्या जागी डोक्यात नुसता स्वच्छ, सपाट पत्रा होता. अंगावर काटा आला. आणि मग तो काटा हळूहळू मऊ झाला, कारण त्याला कळलं की आपणही विसरतो, चौतीस वर्षांचे असताना, भर दुपारी, हातात ड्रिल धरून विसरतो, आणि त्यातून एक बरी, न गळणारी तोटी तयार होते. "काढू काय?" त्यानं विचारलं. गुलनारनं तोटी फिरवून पाहिली. "राहू द्या," ती म्हणाली, "अब्बाले तहान लागते." अशा रीतीनं त्या शर्यतीच्या गाडीची टाकी पिण्याच्या पाण्याची ठरली. साडेचार लिटर बसायचं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता अल्तमशने टेम्पोतून सायकल जनुना तलावाच्या रस्त्यावर नेली, जिथून गावाकडे चांगला लांब उतार लागतो, आणि अब्बांना 'एक कूलर बसवायचा हाय, वरून नजर पाहिजे' असं सांगून मागोमाग बोलावून घेतलं. किसनराव त्यांच्याबरोबर रिक्षातून आले. कूलर बसवायला अर्ज लिहिणारा कशाला लागतो हे कोणी विचारलं नाही. अल्तमशने चादर ओढली. ऊन्ह कोवळं होतं आणि ते टाकीवर असं पडलं की टाकी ओली वाटली. अब्बा पुढे आले. सायकलभोवती एक फेरा घातला. हँडलला बोटं लावून गुडघ्यापासून मोजलं: चार. पंख मोजले. पाइपात डोकावले. तोटीपाशी थांबले, ती उघडली, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, प्याले. अल्तमशचं हृदय त्या वेळी नक्की कुठं होतं हे सांगणं अवघड आहे, पण छातीत नव्हतं. "अब्बा," तो म्हणाला, "हेच सायकल ना? त्या साहेबाची?"

अब्बांनी मिशीचं पाणी पुसलं. "मोटरसायकल होती बे ते."

तलावावरून टिटवी ओरडत गेली. किसनराव पुन्हा खोकायला लागले. "तुम्ही सायकल म्हणलं ना पर," अल्तमश म्हणाला. "एक महिन्यापासून सायकल म्हणून राह्यले!" "मंग काय म्हणू?" अब्बा म्हणाले. "घरात मोटरसायकलचं नाव काढलं का तू छताकडं पाह्यतं, तुही बायको दूध उतू गेल्यासारखी चुलीकडं पयते. मले गोष्ट सांगाची होती. माह्याजवळ एकच गोष्ट हाय. तं म्या इंजिन काढून सांगतली. किसनरावले आधीच सांगून ठेवलं होतं." किसनराव म्हणाले, "मजकुरात किरकोळ फेरबदल होता." "अन् मले वाटलं तुमचं डोकस्…" अल्तमश म्हणाला. "मले मालूम हाय तुले काय वाटलं," अब्बा म्हणाले. "रोज वार इचारे. मोठेभाईसारखं झालं असं वाटलं ना तुले? नाही झालं. सुलतानपूरवाल्यानं माह्यी गाडी केवढ्याले घेतली तेही मालूम हाय, अन् तुले फसोलं तेही." मग ते टाकीवरून हात फिरवत खालच्या आवाजात म्हणाले, "मले तं वाटलं होतं तू मोटरसायकल आणून राह्यला. टाकीचं माप इचारलं, इंजिनाच्या जाग्याचं इचारलं. म्या हेल्मेट पाहून ठेवलं होतं, बे."

त्या क्षणी अल्तमशच्या मनात दोन गोष्टी एकदम झाल्या आणि दोन्ही एकमेकींना धक्के देत दारातून शिरू पाहत होत्या. एक म्हणजे अब्बा ठीक आहेत. छत्री छत्रीच आहे, दूध दूधच आहे, पोह्यांना मीठ बरोबर आहे. ही गोष्ट इतकी मोठी होती की तिच्यासाठी दार अरुंद पडत होतं. आणि दुसरी म्हणजे मग ही सायकल कशासाठी. तीन आठवडे कूलरच्या पोटात बसून त्यानं जगात जी वस्तू वाढवली तिची जगाला आता काहीही गरज उरली नव्हती. ती कोणाची चूक बरोबर करत नव्हती, कोणाच्या आठवणीत बसत नव्हती. ती नुसती होती, लाल, लांब, बुटकी, तोटीसकट. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्या दोघांमधून त्याला इतकंच दिसलं की अब्बांनी खिशातून रुमाल काढला आहे आणि ते हात पुसताहेत. एकेक बोट, सावकाश. पंजे पुसले, मनगटं पुसली. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि सायकलवर टांग टाकली.

त्यांनी पेडल मारलं नाही. जमिनीवर पाय रेटला. एक. दोन. किसनराव मोठ्यानं मोजू लागले, आणि अल्तमशच्या लक्षात आलं की आपणही मोजतोय, पहिलीतल्यासारखं, ओठांनी. आठ. नऊ. अब्बांची पाठ हँडलवर वाकली होती, खांदे मेंढ्याच्या शिंगांच्या रेषेत आले होते, पांढरी दाढी टाकीला टेकत होती. दहा. अकरा. अब्बा थांबले. खरोखरच थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे, कोणी भजं खात येतंय का ते पाहावं तसं. कोणी येत नव्हतं. "बारा!" किसनराव ओरडले, आणि अब्बांनी बारावं पाऊल मारलं, आणि त्या पावलाखाली उतार सुरू होत होता.

अल्तमश धावत सुटला. पहिल्या वळणापर्यंत तो बरोबरीनं होता आणि "ब्रेक, अब्बा, ब्रेक" म्हणत होता, अब्बा उलट ओरडले, "ब्रेक नव्हते!" होते, मागच्या चाकाला अल्तमशने मुद्दाम लावले होते, पण हा तपशिलाचा वाद त्या वेळी मिटण्यासारखा नव्हता. मग सायकल पुढे गेली, आणि अल्तमशने आयुष्यात न ऐकलेली एक गोष्ट ऐकली. वायरिंगच्या पोकळ पाइपात वारा शिरला आणि पाइप वाजायला लागला. आधी भुंग्यासारखा, मग मोठ्या भुंग्यासारखा, मग उतार वाढला तसा भरदार, घशातून आल्यासारखा, घुर्रर्र असा. टाकीतलं पाणी आत डचमळत होतं. बावीस पंखांमधून हवा चिरत जात होती. शोभेला लावलेला सायलेन्सर बोलत होता. चप्पल कुठं तरी निघाली, अल्तमश अनवाणी पळत राहिला, तळव्यांना खडबडीत डांबर आणि बारीक खडी लागत होती, आणि पुढे ती लाल वस्तू लहान होत होती आणि तिच्यातून इंजिनाचा आवाज येत होता. त्याला वाटलं की आपण वीस वर्षांच्या एका पोराला पळून जाताना पाहतोय, आणि पकडायचं कारण नाही, तरी पळायचं कारण आहे.

उताराच्या पायथ्याशी शाळा होती आणि 'वेगमर्यादा २०' अशी पाटी. रविवार असल्यामुळे शाळेला सुट्टी होती, पाटीला नव्हती. पाटीखाली वाहतूक हवालदार उत्तमराव वेग मोजायचं नवं यंत्र हातात धरून बसले होते. सकाळपासून त्यांनी दोन म्हशी आणि एक दूधवाला मोजला होता. त्यांनी घुर्रर्र ऐकलं, लाल काही तरी पाहिलं, यंत्र रोखलं आणि शिट्टी मारली. अब्बांनी ब्रेक दाबला, आणि ब्रेक होते हे त्या वेळी त्यांनी मान्य केलं. अल्तमश धापा टाकत पोचला तेव्हा संवाद रंगात आला होता. "लायसन दाखवा, चाचा." "हे घ्या, साहेब. मुदत गेली हाय." हे अब्बा ज्या अभिमानानं म्हणाले तसा अभिमान अल्तमशच्या निकाहातही त्यांच्या आवाजात नव्हता. "नंबर प्लेट काऊन नाही?" "रेसची हाय." उत्तमराव खाली बसले, इंजिनावर टिचकी मारली. ठण. तोटी दिसली. उघडली. पाणी आलं. ते पाण्याकडे पाहत राहिले, मग ऊन्ह होतंच म्हणून चार घोट प्याले. "हे सायकल हाय, चाचा," ते उठत म्हणाले. "जा आता." "स्पीड किती होता?" "एकतीस." "अन् पाटी किती म्हणते?" "वीस." "मंग लिहा ना, साहेब!" "सायकलवर नाही लिहिता येत. मशीनमंदी सायकल नावाचा प्रकारच नाही." "म्हणजे म्या हळू चालोली?" "जोरात चालोली." "मंग?" उत्तमरावांनी अल्तमशकडे पाहिलं. "हे तुमचे कोण?" "बाप हायेत," अल्तमश म्हणाला, आणि एवढ्या साध्या वाक्याला त्याचा आवाज दोनदा फुटला. "घेऊन जा मंग यायले," उत्तमराव म्हणाले. "मी काही पाह्यलं नाही." हे वाक्य मात्र अब्बांना लागलं. पन्नास वर्षांपूर्वी साहेबानंही हेच म्हटलं होतं, हे अल्तमशला त्या दिवशी अब्बांच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. ते अब्बांनी गोष्टीत कधी घेतलं नव्हतं.

मागून रिक्षानं उतार उतरून आलेल्या किसनरावांनी शाळेच्या पायरीवर बसून पिशवीतून कागद काढला. अब्बा सांगत गेले, एकही आकडा न चुकता. अल्तमश उभ्यानंच टाकीचं पाणी पीत होता. हवालदार पलीकडे तोंड करून बसले होते आणि ऐकत होते. अर्ज दुसऱ्या दिवशी रीतसर टपालात देण्यात आला. त्याचा मजकूर असा:

प्रति, मा. प्रमुख, वाहतूक शाखा. विषय : अर्जदाराविरुद्ध भरधाव वेगाचा गुन्हा नोंदवून मिळणेबाबत. महोदय, अर्जदार निजाम, वय एकाहत्तर, व्यवसाय मिस्त्री, राहणार खामगाव, हा रविवार दिनांक ६ एप्रिल रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी वीस किलोमीटरची मर्यादा असलेल्या जागेवरून एकतीसच्या वेगाने गेला. सदर वेग आपल्याच यंत्राने मोजला असून त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि वाहनास इंजिन नसल्याचे किरकोळ कारण पुढे करून अर्जदारास शिक्षा न करता, उलट त्याचे पाणी पिऊन, सोडून देण्यात आले. यावरून अर्जदाराचा वेग शासनदरबारी झालाच नाही असा अर्थ निघतो, तो अर्जदारास मान्य नाही. मागून अनवाणी धावत आलेला मुलगा अल्तमश हा साक्षीदार असून त्याच्या तळपायांची पाहणी केव्हाही करता येईल. तरी उपरोक्त गुन्हा मागील तारखेने नोंदवून त्याची शिक्क्यासह प्रत भिंतीवर लावण्याजोग्या जाड कागदावर देण्यात यावी, आणि अर्जदार सदर गुन्हा यापुढे दर रविवारी करणार असल्याने प्रत्येक वेळी नवा अर्ज न मागता हाच अर्ज कायमस्वरूपी ग्राह्य धरण्यात यावा.